माळ्यावरची रुई

२ डिसेंबर १९६१, शनिवार

बायकांच्या वॉर्डात गरम हवेच्या शेवटच्या जाळीखाली पुन्हा हात धरून उभा राहिलो. गार. भट्टीजवळच्या जाळीतून येते त्या हवेवर पापड भाजावा, आणि साठ हात पुढे इथे येईपर्यंत नुसती फुंकर. आणि नेमकी याच जाळीखाली अनसूची खाट. नं. १२. बायको माझी, हवेचा नळ माझ्या ताब्यातला, आणि थंडी तिला. नशीब म्हणतात ते हेच असावं.

वजन आज बाहत्तर पौंड. डॉ.नी व्हरांड्यात बोलावलं. म्हणाले, "मार्चमध्ये नागपूरला ऑपरेशन करून घेऊ. पण वजन ऐंशीच्या जवळ हवं. आणि या हिवाळ्यात तिला थंडी बाधता कामा नये. बाधली तर मार्चचा विषयच नको." पुण्याकडचे आहेत, सगळं असं स्वच्छ बोलतात. मी हौ म्हणून आलो.

भरवेलीच्या खाणीतलं वर्कशॉप सोडून या टी.बी.च्या दवाखान्यात मिस्त्री झालो तो तिच्यासाठीच. मी इथे आहे तोवर तिची खाट आहे.

४ डिसेंबर, सोम.

माळ्यावर चढलो. दोन वर्षांत नीट पाहिलाच नव्हता. कंबरेत वाकून चालावं लागतं. दोन मोठे पत्र्याचे नळ शेजारी शेजारी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एक भट्टीची गरम हवा वॉर्डात सोडतो. दुसरा वॉर्डातली गार हवा ओढून पुन्हा भट्टीकडे आणतो. कोणा परदेशी देणगीदाराने धाडलेलं काम. त्याच्या देशात नळांना काहीतरी पांघरूण घालत असतील. इथे उघडा पत्रा, वर कवेलूंचं छप्पर, आणि कवेलूंच्या फटींतून बैहरच्या डोंगराचा वारा. दर जोडाला हात लावत गेलो. पहिल्या जोडाला चटका. पाचव्याला कोमट. नवव्याला मेलेला.

म्हणजे आपण रोज दोन गाड्या लाकूड जाळून वटवाघळांना शेकतो आहोत. इतका राग आला की नळाला लाथ घातली. खाली वॉर्डात चौदा बायका दचकल्या. सिस्टर ओरडल्या.

७ डिसें.

डॉ. म्हणतात गुंडाळायला काचेची लोकर मागवली आहे, बोटीवर आहे. बोट कुठे आहे ते त्यांनाही माहीत नाही. तोवर जे मिळेल ते गुंडाळ म्हणाले.

स्टोअरच्या तिवारीबाबूंनी मागणीवर हिंदीत शेरा मारून कागद परत दिला : "नली पर लपेटने हेतु ऊन — उपलब्ध नहीं." तो कागद दुपारी अनसूला दाखवला. ऊन म्हणजे हिंदीत लोकर, पण ती चौथी शिकलेली, मराठी शाळेत. वाचून हसू लागली. "नळाले ऊन गुंडाळाचं? अना थे स्टोअरात नाही म्हन्ते? अवो, बाहेर आंगनात पडलं हाये थे, घेऊन या न टोपलंभर." खूप दिवसांनी हसली. मग खोकली. मग सिस्टरनी मला बाहेर काढलं.

९ डिसें., शनि.

धानाचं वाळलं तणस गुंडाळून पाहिलं. डॉ. स्वतः शिडी चढून आले आणि म्हणाले, "मिस्त्री, दवाखाना पेटवायचाय का?" उतरवलं. माती आणि धानाचा कोंडा कालवून लिंपलं. तापल्यावर तडकली, पोपडे छतावर पडले. बारदान नुसतं गुंडाळलं तर काहीच फरक नाही. हवा धरून ठेवेल असं फुगीर काही पाहिजे. रुई पाहिजे, पिंजलेला कापूस. एवढी रुई आणायची कुठून?

अ.चं वजन एकाहत्तर.

१२ डिसें., मंगळ.

लिहू की नको करत होतो. लिहितो. ही वही माझीच आहे.

भट्टीमागे एक कोठी आहे. इथे वारलेल्यांच्या गाद्या तिथे टाकतात. नियम असा की गादी जाळायची. जाळायला कुणी मोकळं नसतं, मग पडून राहते. आज दाराच्या फटीतून पाहिलं. छतापर्यंत. प्रत्येक खोळीवर काळ्या शाईत खाटेचा नंबर.

तिवारीबाबूंना विचारलं. ते चष्मा पुसत राहिले. "मुझे कुछ नहीं मालूम, मिस्त्री. चाबी खूँटी पर टँगी है."

मी पाच वर्षांपूर्वी नागपूरला दीक्षा घेतली. भूत, पिंड, श्राद्ध, सगळं त्या मैदानात सोडून आलो. गादी म्हणजे कापूस आणि कापड. डॉ. स्वतः सांगतात की उन्हात जंतू मरतो. दोन दिवस कडक उन्हात टाकतो. तुरटीच्या पाण्यात बुडवून पुन्हा वाळवतो, म्हणजे पेट घेणार नाही. ह्यात चुकीचं काय आहे?

हे शेवटचं वाक्य तीनदा लिहून खोडलं होतं.

१६ डिसें., शनि.

वाळवून गच्च गोळे झाले. पिंजल्याशिवाय फुगत नाही. बैहरहून गफूरचाचांना बोलावलं. साठीचे असतील, खांद्यावर ती मोठी पिंजण, दाढीत कायमचा कापूस. भट्टीमागच्या शेडमध्ये बसवलं, खोळी आधीच फाडून वेगळ्या केल्या होत्या.

चाचांनी पिंजणीच्या ताणलेल्या तांतेवर पहिला ठोका मारला आणि थांबले. गोळा हातात घेऊन दाबला. म्हणाले, "किसकी रुई है, मिस्त्री?"

"जुन्या बंगल्यातली. साहेबलोकांची."

"साहब लोग सब एक ही करवट सोते थे क्या?" चाचा म्हणाले, "देख. एक बाजू पत्थर हो गई, दूसरी बाजू नई की नई. ऐसी रुई मैंने नहीं देखी."

मी पाहिली आहे. ज्या बाजूचं फुफ्फुस गेलं त्या कुशीवर झोपवतात, म्हणजे चांगली बाजू मोकळी राहते. अनसू डाव्या कुशीवर झोपते. दोन वर्षं.

चाचांना खरं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर उठून गेले असते. दिवसभर पिंजत होते. शेडमध्ये पांढरं धुकं. मी तोंडाला पंचा बांधून उभा, त्यांना म्हटलंसुद्धा नाही की तुम्हीही बांधा. म्हटलं असतं तर विचारलं असतं, काहून?

२० डिसें.

गुंडाळतो आहे. दोन्ही नळ. चार बोटं जाडीची रुई, वर बारदान, वर सुतळीने टाका. बारदान संपलं म्हणून शेवटच्या भागाला त्याच गाद्यांच्या खोळी लावल्या. वाकून वाकून पाठीचा दांडा मोडला. काम मात्र देखणं झालंय. खाणीत असतो तर फोरमनने पाठ थोपटली असती.

२३ डिसें., शनि.

शेवटच्या जाळीखाली हात धरला. ऊन!

हो, ऊनच. उबदार, सकाळी दहाचं. अनसू म्हणाली, "आनलं वाट्टे टोपलंभर." तिने शाल खाली सरकवली. नऊ नंबरची आजी पाय उघडे टाकून बसली होती, राणी झाली होती नुसती. डॉ.नी माझा हात हातात घेतला, चौदा बायकांसमोर. मला रडू आलं. धूर गेला डोळ्यात, असं सांगितलं.

३० डिसें., शनि.

चौऱ्याहत्तर पौंड!!

तिरोडीला सासूबाईंना पत्र टाकलं. पोरीला म्हणावं, आई जाड होऊन राह्यली. पोरगी आता हिंदीच बोलते म्हणे, "नानी, अम्मा कब आएगी." मराठी विसरेल. मार्चनंतर शिकवू.

२ जानेवारी १९६२, मंगळ.

आज दुपारी अनसूने विचारलं, "वरते कोनी राह्यते काय?"

दोन ते चार इथे सगळ्यांनी गप्प पडून राहायचं. बोलायचं नाही, कूस बदलायची तर हळू. त्या वेळात तिला वर खोकला ऐकू येतो म्हणे.

म्हटलं पत्रा आहे. तापला की ताणतो, टक-टक करतो. म्हणाली, "पत्र्याचा आवाज मले काय ठाऊक नाही? पयले तो टक-टक करे. तुमी रुई बांधली अना तो बंद झाला. मंगच हा लागला." मी वटवाघळं म्हणालो.

५ जाने., शुक्र.

आज तिने सांगितलं कुणाचा ते.

"मास्तरनीबाईचा हाये."

मास्तरीणबाई म्हणजे बालाघाटच्या शाळेतल्या. नं. ११, हिच्या शेजारची खाट. गेल्या श्रावणात वारल्या. दहा महिने दोघी शेजारी होत्या. हिच्या अक्षराला वळण त्यांनीच लावलं.

इथे माणसं एकमेकांना खोकल्यावरून ओळखतात. जसं घरात पावलांवरून ओळखावं. पुरुषांच्या वॉर्डातून अंधारातही सांगतात, हा सात नंबर, हा वीस नंबर. मास्तरीणबाईंचा खोकला मलाही ठाऊक होता. दोन आखूड, मध्ये थांबा, मग एक लांब, आणि शेवटी "हं", जसं काही वर्गात पोरगं चुकलं.

"'हं'सुद्धा आयकू येते," अनसू म्हणाली. घाबरलेली नव्हती. मीच घाबरलो. दीक्षा घेतलेला माणूस.

८ जाने., सोम.

विश्रांतीच्या वेळेला मुद्दाम माळ्यावर जाऊन बसलो. अडीच वाजता. कवेलूंतून उन्हाच्या काड्या पडलेल्या. नळांच्या पोटातून हवेची धाप. बराच वेळ काही नाही.

मग सरकत शेवटच्या टोकाला गेलो, बरोबर अनसूच्या खाटेच्या वर. टाके तपासत होतो. खोळीच्या कापडावर शाईचा आकडा उलटा आलेला. मान वाकडी करून वाचला. ११.

मी स्वतः शिवलंय ते. सगळ्या खोळींमधून नेमकी हीच इथे कशी आली? मुद्दाम नाही. शपथेवर नाही. हाताला आली, लावली.

आणि तिथे बसल्या बसल्या मलाही ऐकू आलं. दोन आखूड. थांबा. मी कानात बोटं घातली, एक लांब येऊ दिला नाही. गुडघे सोलून खाली आलो.

९ जाने.

दिवसाढवळ्या विचार केला तर आवाजाचं कारण असणार. कारण शोधणं हाच माझा धंदा. पुन्हा वर गेलो, मेणबत्ती घेऊन. शेवटच्या जोडाशी धरली. ज्योत विझायला हवी होती किंवा स्थिर राहायला हवी होती. ती नळाकडे वाकली. कुणी ओढून घेतल्यासारखी आत वाकली.

परतीचा नळ. तो हवा सोडत नाही, ओढतो. जोड उघडे आहेत. मी आधी जोड बंद करायला हवे होते आणि मग पांघरूण घालायला हवं होतं. पत्र्याच्या कामातला पोरगाही हे जाणतो. मी घाईत दोन्ही नळ एकदम गुंडाळले, पंगतीत वाढत गेल्यासारखे. गेले वीस दिवस परतीचा नळ त्या रुईतून हवा ओढतोय, भट्टीच्या पंख्यात नेतोय, तापवतोय आणि चौदा बायकांच्या तोंडावर सोडतोय.

आवाजाचं कारण सापडलं. फटीत रुई अडकते, हवा दोनदा अडखळते, मग लांब सुटते. एवढंच. खोकला नाही.

खाली येऊन अनसूची शाल उचलून उजेडात धरली. पांढरे तंतू. तिच्या केसांत. भुवईवर एक.

१० जाने.

सांगायला पाहिजे.

सांगितलं तर डॉ. भट्टी बंद करतील. बाहेर पहाटे दवाचा पापुद्रा कडक होऊन राहतो आहे, नळाचं पाणी सकाळी हाताला बोचतं. मला काढतील. माझी नोकरी गेली की बारा नंबर गेला. वजन शहात्तर आहे. चार पौंड फक्त.

नाही सांगितलं. जोड मीच नीट करीन.

१४ जाने., रवि.

रविवारी माळ्याकडे कुणी बघत नाही. भट्टी साफ करायची म्हणून दुपारी बंद ठेवली. परतीचा नळ पूर्ण सोलला. खडू आणि जवसाचं तेल मळून फटी बुजवायची लांबी केली, कापडाच्या पट्ट्यांबरोबर एकेका जोडात भरली. गरम नळाचेही जोड उघडून भरले, मग तो पुन्हा गुंडाळला. परतीच्या नळाची सगळी रुई पोत्यांत. संध्याकाळी भट्टी पुन्हा पेटवली आणि तिच्या पोटात घातली.

११ नंबरची खोळ शेवटी हातात राहिली. श्राद्ध करणार नाही असं मी तोंडाने म्हटलेलं आहे आणि ते मोडणार नाही. पण माफी मागायला कुणी मनाई केलेली नाही. म्हटलं, बाई, चुकलं. तुम्हाला इथे आणायला नको होतं. एवढं म्हणून खोळ भट्टीत टाकली. तुरटी होती तिच्यात, लवकर पेटेना. काठीने ढकलावी लागली.

१६ जाने.

अनसू रुसली आहे. "आवाज बंद झाला."

बरं झालं न, म्हटलं.

"काहून बरं? दुपारचे दोन घंटे कोनी तरी होतं वरते. मी इकडून एक खोकली का थे तिकडून. तुमी काढलं काय तिले?"

मी म्हटलं जोड बंद केले. ती भिंतीकडे वळली. डाव्या कुशीवरून उजव्या कुशीवर. सिस्टर रागावल्या तरी परत वळली नाही.

मला वाटलं होतं आवाज थांबल्यावर मी सुटेन. उलट झालं. आता दोन ते चार मी जिथे असेन तिथे कान वर लागलेले असतात. वाट पाहतो की काय कोण जाणे.

२२ जाने., सोम.

नऊ नंबरच्या आजीला ताप. तीन दिवस. सिस्टर म्हणाल्या, हिवाळ्यात होतंच. हिवाळ्यात होतंच. हे दिवसभर मनात म्हणत होतो.

अ. अठ्ठ्याहत्तर.

३ फेब्रुवारी, शनि.

आजीचा ताप उतरला. चहा मागितला म्हणे. मी त्यांच्यासाठी बिस्किटं नेली तर म्हणाल्या, "कायले रे बापा, मी काय तुही सासू हाओ?" कसं सांगू.

११ फेब्रु., रवि.

आज तपासणीच्या रांगेत गफूरचाचा बसले होते. हातात चिठ्ठी. पिंजण नाही म्हणून आधी ओळखलंच नाही, खांदा रिकामा. महिनाभर खोकला, सायंकाळी ताप.

डॉ.नी मला पंखा बघायला म्हणून आत बोलावलं होतं. मी शिडीवर. खाली डॉ. विचारताहेत, "घरात कुणाला हा आजार?" चाचा, "नहीं साहब." "कुठे रोग्याशी संबंध आला?" चाचांनी विचार केला. "नहीं साहब. मैं तो रुई का आदमी हूँ." डॉ.नी लिहिलं. कलमाचा आवाज वरपर्यंत आला. माझ्या हातात पंख्याचं पातं होतं, ते मी नुसतं धरून राहिलो.

१४ फेब्रु.

चाचांच्या थुंकीत जंतू सापडला. पुरुषांच्या वॉर्डात ठेवलं. डॉ.ना सहज विचारल्यासारखं विचारलं, किती जुना असेल? म्हणाले, "महिन्याचा असेल, पाच वर्षांचाही असेल. पिंजाऱ्यांच्या छातीचं सांगता येत नाही."

पाच वर्षांचा असेल. असू दे. हे मी कोणाकडे मागतो आहे?

१९ फेब्रु., सोम.

चाचांना सांगितलं. व्हरांड्यात, उन्हात बसले होते. सगळं सांगितलं, गाद्या, कोठी, खोटं. वाटलं, शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

चाचांनी दाढी खाजवली. मग म्हणाले, "और जो मैं ले गया?"

काय नेलं?

"झड़न. और क्या."

पिंजताना उडालेली, खाली सांडलेली रुई पिंजाऱ्याची. आमच्याकडे रिवाजच आहे. आईने कितीदा तरी दारात पिंजाऱ्याला बसवलं, शेवटी तो झाडून घेई आणि ती त्याला वर गूळ देई. मला ठाऊक होतं. त्या दिवशी मी पंचा बांधून उभा होतो आणि लक्षच दिलं नाही.

"दो रजाई बनी उसकी," चाचा म्हणाले. एक घरात, नात तिच्यात झोपते. दुसरी बैहरच्या बाजारात विकली. "एक बाई थी. गोद में बच्चा. बोली, ठंड बहुत है, नरम वाली दो. मैंने सबसे नरम वाली दी." नाव विचारलं नाही. कोण विचारतं.

२० फेब्रु.

चाचांच्या घरी जाऊन ती रजई जाळली. त्यांच्या सुनेला सांगितलं, दवाखान्याचा हुकूम आहे. नात रडत होती. तिच्याकडे माझी शाल टाकून आलो. पोरगी खोकत नाही. दोनदा कान देऊन ऐकलं.

२५ फेब्रु., रवि.

आज बाजाराचा दिवस म्हणून बैहरला गेलो होतो. मुलाला कडेवर घेतलेल्या बाया मोजून संपत नाहीत. कुणाला काय विचारणार? बाई, तुमची रजई मऊ आहे का? एकीने नवऱ्याला हाक मारली. मी निघून आलो.

चाचा म्हणतात, तुझ्या एकट्याने होणार नाही. "डाक्टर साहब तहसील में बोलें, कोटवार गाँव-गाँव मुनादी करे, तब मिलेगी." गावोगाव दवंडी पिटायला हवी. मग म्हणाले, "मैं नहीं बोलूँगा, मिस्त्री. तू बोलेगा." हे रागाने म्हणाले नाहीत.

परतताना बसमध्ये समोर एक पोर आईच्या खांद्यावर खोकलं. दोन आखूड. मी पुढच्या गावी उतरलो आणि चालत आलो.

२७ फेब्रु., मंगळ.

अनसू ऐंशी पौंड! नागपूरहून कागद आला. शुक्रवारी सकाळची बस. डॉ.ची चिठ्ठी सोबत लागते, तिच्यावर सही बाकी. "निघण्याच्या दिवशी तपासून सही करतो," म्हणाले.

याच दिवसासाठी सगळं केलं. आनंद का होत नाही?

१ मार्च, गुरु.

तिला सांगितलं. न सांगता बसमध्ये बसवून द्यायची होती. पण तिने विचारलं, "तुमी माह्याकडे पाहून काहून नाही राह्यले?" मग सगळं निघालं.

ती ऐकत होती. मास्तरीणबाईंची खोळ म्हटल्यावर डोळे मिटले. चाचांचं म्हटल्यावर उघडले. रजईचं, बाळाचं म्हटल्यावर शालीचं टोक तोंडात धरलं.

म्हटलं, उद्या डॉ.ना सांगतो.

"बस गेल्यावर सांगा."

म्हटलं, बरं.

मग म्हणाली, "मले जगाचं हाये हो, मराचं नाही. मी खोटं नाही बोलत. मले लय जगाचं हाये." आणि रडली. मी हात धरला. दोन वर्षांत कधी असा धरला नव्हता, कारण डॉ. नको म्हणतात. मग रडता रडताच म्हणाली, "पन बस गेल्यावर तुमी सांगानच नाही. मले तुमी ठाऊक हाव. आज ऑपरेशन म्हनान, मंग टाके म्हनान, मंग पोरगी म्हनान. अना तिकडं थे बाई लेकराले पांघरून घालत राहीन."

मला राग आला. तिचा. खरं बोलली म्हणून.

२ मार्च, शुक्र. सकाळी

वॉर्डाच्या पायरीवर बसून लिहितो आहे. अनसू आत पेटीवर बसलेली, हिरवं लुगडं, केस विंचरलेले. बस आठला. चिठ्ठी डॉ.च्या टेबलावर आहे, काचेच्या पेपरवेटखाली, सही नसलेली. खिडकीतून पाहून आलो.

डॉ. साडेसातला येतात. आधी सांगितलं तर ते सही करतील का? माणूस चांगला आहे. पण नियमाचा आहे. मिस्त्रीने त्यांच्या वॉर्डात काय सोडलं ते ऐकून, त्याच मिस्त्रीच्या बायकोची चिठ्ठी? सगळ्या वॉर्डाची थुंकी पुन्हा तपासतील, कुणालाच हलू देणार नाहीत. आणि महिना गेला की उन्हाळा, नागपूरचं काय सांगावं.

आणि नाही सांगितलं तर ती म्हणते तेच होईल. मला मी ठाऊक आहे.

आत्ता आत डोकावलो होतो. विचारलं, काय करू? ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "जा, नाही तं बसा. पन असे दारात उभे राहू नोका. वारं येते."

डॉ.ची सायकल फाटकातून आत आली. उठतो.